लग्न न करता दोघांनी मिळून घर: टॅक्स क्रेडिट कोणाला आणि किती?

जोडवाक्य
अमेरिकेतल्या घरखरेदीबद्दल प्रश्न आहे. समजा दोघं एकत्र राहतात, लग्न केलेलं नाही, रिटर्न वेगवेगळी भरतात. दोघांच्या नावावर मिळून घर घ्यायचंय. एकाचं आयुष्यातलं पहिलंच घर. दुसऱ्याने राहतं घर अडीच वर्षांपूर्वी विकलं, तेव्हापासून भाड्याच्या घरात.

१. पहिलं घर घेणाऱ्याला १५,००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट (थेट करातून वजा होणारी रक्कम) मिळतं अशा जाहिराती सतत दिसतात. खरं आहे का?
२. एक पात्र आणि एक अपात्र असेल तर पात्र माणसाला पूर्ण क्रेडिट मिळतं, अर्धं मिळतं की दोघांनाही ठेंगा?
३. कर्जाचं व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स कोणी दाखवायचा?

२०२५च्या रिटर्नपुरतं फेडरल बोलू. राज्यांचं कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

हिशोबनीस
पहिल्याचं उत्तर: नाही. १५,००० डॉलरचं विधेयक २०२१ साली काँग्रेसमध्ये मांडलं गेलं होतं, कायदा झाला नाही. त्या जाहिराती तुमचा फोन नंबर मिळवण्यासाठी असतात.

मधली_सुट्टी
पण ८,००० डॉलरचं मिळायचं ना? अनेकांनी घेतलेलं आहे.

हिशोबनीस
मिळायचं, ती योजना संपून दीड दशक झालं. गोंधळ होतो कारण तिचे तीन अवतार होते.

२००८च्या एप्रिलपासून त्या वर्षअखेरपर्यंत घेतलेल्या घरांना ७,५०० डॉलरपर्यंत. नाव क्रेडिट, प्रत्यक्षात बिनव्याजी कर्ज. २०१०च्या रिटर्नपासून दर वर्षी ५०० डॉलर असे पंधरा वर्षं परत करायचे. शेवटचा हप्ता २०२४च्या रिटर्नबरोबर गेला.
२००९मध्ये ते ८,००० झालं आणि ३६ महिने त्याच घरात राहिल्यास परतफेड माफ.
२००९च्या नोव्हेंबरात मुदत वाढली, तेव्हा जुन्या घरमालकांनाही ६,५०० मिळू लागले. ३० एप्रिल २०१०पर्यंत करार झालेला असणं आवश्यक होतं.

उंबरठा
आणि मूळ प्रश्न क्र. २चं उत्तर याच जुन्या योजनेत सगळ्यात स्वच्छ मिळालं होतं, म्हणून ते लिहून ठेवण्यासारखं आहे. नवराबायकोपैकी एकाने जरी आधीच्या तीन वर्षांत राहतं घर बाळगलेलं असेल तर दोघंही बाद. लग्न न झालेल्यांची पात्रता मात्र प्रत्येकाची स्वतंत्र तपासली जायची. आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) नोटीस २००९-१२ काढून सांगितलं की अविवाहित सहमालकांनी क्रेडिटची वाटणी 'कोणत्याही वाजवी पद्धतीने' करावी. एकच जण पात्र असेल तर पूर्ण ८,००० त्याने घेतले तरी चालत होतं. दोघांची बेरीज ८,०००च्या वर जाता कामा नये, एवढंच.

उत्पन्नाची अटही माणशी. सुरुवातीला सिंगलला ७५,०००, जोडीला १,५०,०००. ज्याचं उत्पन्न मर्यादेत बसेल त्याच्याकडे क्रेडिट वळवता यायचं.

कांदेपोहे_२
म्हणजे सरकारच सांगत होतं, पोहे खा पण मुहूर्त काढू नका.

जोडवाक्य
:-) पण मग आज फेडरल क्रेडिट काहीच नाही?

शून्यमाप
एक आहे आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट, एमसीसी. ते राज्याची किंवा स्थानिक हाउसिंग फायनान्स एजन्सी देते, क्रेडिट मात्र फेडरल रिटर्नवर, फॉर्म ८३९६ने. सगळ्या एजन्सी सगळ्या काळात देत नाहीत, आधी आपल्या राज्यात कार्यक्रम चालू आहे का ते पाहावं.

सर्टिफिकेटवर एक टक्केवारी छापलेली असते, १० ते ५०च्या मधली. वर्षभराच्या व्याजाचे तेवढे टक्के थेट करातून वजा. वजावट नव्हे, क्रेडिट. पण टक्केवारी २०च्या वर असेल तर वर्षाला २,००० डॉलरची कमाल मर्यादा लागते. त्यामुळे गंमत होते: वर्षाचं व्याज १९,४०० असेल तर २० टक्केवाल्याला ३,८८० मिळतात आणि २५ टक्केवाल्याला २,०००. जास्त टक्के दिसले म्हणून हुरळून जाऊ नका.

लोक चुकतात त्या जागा:
अर्ज कर्जाच्या क्लोजिंगच्या (व्यवहाराच्या शेवटच्या सह्यांच्या) *आधी* करायचा. घर ताब्यात आल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.
क्रेडिट करापुरतंच, करापेक्षा जास्त झालं तर परतावा नाही. उरलेलं पुढची तीन वर्षं ओढता येतं. २,०००च्या मर्यादेने कापलेला भाग मात्र पुढे जात नाही, तो गेला.
जेवढं क्रेडिट तेवढं व्याज शेड्यूल ए (रिटर्नमधला वजावटींचा तक्ता) वरून कमी करायचं. हे विसरलेली रिटर्न बरीच असतात.

सई_टी
अविवाहितांसाठी यात वाटणी कशी? जुन्यासारखी 'वाजवी पद्धत'?

शून्यमाप
नाही, इथे तेवढी मोकळीक नाही. फॉर्म ८३९६च्या सूचनेनुसार संयुक्त रिटर्न न भरणाऱ्या दोन किंवा अधिक जणांचा घरात हिस्सा असेल तर २,००० डॉलरची मर्यादा मालकीच्या हिश्श्याच्या प्रमाणात विभागायची. डीडवर (मालकीच्या दस्तावर) ६०-४० असेल तर १,२०० आणि ८००.

आणि पात्रतेत इथे उलटं आहे. कर्ज करारावर सही करण्याच्या दिवशी मागची तीन वर्षं मोजतात, आणि घरात मालकी घेणाऱ्या *प्रत्येकाने* त्या काळात राहत्या घराची मालकी ठेवलेली नसावी. ठरावीक 'टार्गेटेड' भाग आणि माजी सैनिक यांना यातून सूट. जोडवाक्य यांनी दिलेल्या उदाहरणात अडीच वर्षंच झालीत. म्हणजे त्या एकामुळे दोघंही अडकतात.

पुरावा म्हणून एजन्सी सहसा मागच्या तीन वर्षांची रिटर्न मागते. त्यात शेड्यूल एवर घरकर्जाचं व्याज दिसलं की प्रश्न सुरू. देशातला भाड्याने दिलेला फ्लॅट हे 'राहतं घर' नाही, त्याने अडत नाही. पण तो लपवू नका, भाड्याचं उत्पन्न रिटर्नवर असायलाच हवं.

चिंतूचा_मामा
मग सोपं आहे की. डीड आणि कर्ज पात्र माणसाच्या एकट्याच्या नावावर. सर्टिफिकेट घ्यायचं. वर्षभराने दुसऱ्याचं नाव डीडवर चढवायचं. काम खल्लास.

उंबरठा
मामा, ही युक्ती चार ठिकाणी फुटते.

एक, कर्ज एकाच पगारावर मिळवावं लागेल.
दोन, नाव चढवणं म्हणजे निम्म्या इक्विटीची (घराची किंमत वजा कर्ज) भेट. नवराबायकोत भेटीवर कर नाही, इथे वर्षाला १९,००० डॉलरच्या वर गेलं की फॉर्म ७०९ (भेटीचं रिटर्न). कर लगेच भरावा लागत नाही, आयुष्यभराच्या सवलतीतून (२०२५साठी १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर) वजा होतो, पण फॉर्म भरायलाच लागतो.
तीन, कर्ज करारात 'ड्यू ऑन सेल' कलम असतं: मालकी बदलली तर सगळं कर्ज एकदम मागण्याचा सावकाराला हक्क. १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने जोडीदाराचं किंवा मुलांचं नाव लावल्यास तो हक्क वापरता येत नाही. 'जोडीदार' म्हणजे लग्नाचा. बाकीच्यांना ते संरक्षण नाही.
चार, एमसीसी घेतलेल्या घरातला हिस्सा नऊ वर्षांच्या आत दिला तर फॉर्म ८८२८, म्हणजे रिकॅप्चर टॅक्स (दिलेली सवलत अंशतः परत घेणारा कर). लग्न न झालेल्या जोडीदाराला फुकट दिला तरी बाजारभावाने विकल्यासारखा हिशोब करतात. हा कर नफ्याच्या निम्म्याहून जास्त नसतो आणि उत्पन्न फारसं वाढलेलं नसेल तर शून्यही येतो, पण गणित मांडावं लागतं.

चिंतूचा_मामा
मागे घेतो. काम नाही, मामाच खल्लास.

जमाखर्च
क्रेडिटच्या नादात धागा भरकटण्याआधी तिसऱ्या प्रश्नाकडे. खरा पैसा तिथे आहे.

व्याजाची वजावट घ्यायची तर दोन गोष्टी लागतात: कर्जाची जबाबदारी किंवा घराची मालकी तुमची असावी, आणि पैसे *तुम्ही* भरलेले असावेत. डीडवरही नाव नाही, कर्जावरही नाही आणि नुसते निम्मे हप्ते देताय, तर ती वजावट तुम्हाला नाही. ज्याचं नाव आहे त्यालाही तुमच्या पैशांनी भरलेल्या भागाची नाही. दोघांच्या हातातून निसटते. प्रॉपर्टी टॅक्सचंही तसंच.

आता आकडे. समजा वर्षाचं व्याज ३०,०००, प्रॉपर्टी टॅक्स ९,०००. बाकी वजावटी सध्या धरू नका.

निम्मं-निम्मं: प्रत्येकाचे १९,५००. २०२५ची सिंगल स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवताही मिळणारी ठरावीक वजावट) १५,७५०. म्हणजे फायदा माणशी ३,७५०, दोघांचा ७,५००.
लग्न केलेलं, संयुक्त रिटर्न: ३९,००० विरुद्ध ३१,५००. फायदा तोच, ७,५००.
सगळं एकाने भरलं: त्याचे ३९,०००, फायदा २३,२५०. दुसरा निवांत स्टँडर्ड १५,७५० घेतो.

विवाहितांना वेगळी रिटर्न भरून हे करता येत नाही, कारण एकाने आयटमाइझ केलं (स्टँडर्डऐवजी एकेक वजावट दाखवली) की दुसऱ्याची स्टँडर्ड शून्य होते. अविवाहितांना ती अट नाही.

सई_टी
हे फारच रोचक आहे. वाचनखूण साठवली.

हिशोबनीस
जमाखर्च, गणित बरोबर, पण 'सगळं एकाने भरलं' हे कागदावर नाही, खात्यावर दिसलं पाहिजे. वर्षभर जॉइंट खात्यातून हप्ता कापायचा आणि एप्रिलमध्ये ठरवायचं की भरलं होतं बंडूने, हे टिकत नाही. दोघं सारखी भर घालतात त्या खात्यातून गेलेले पैसे निम्मे-निम्मेच धरले जाण्याची शक्यता जास्त. हप्ता, एस्क्रो (हप्त्याबरोबर सावकाराकडे जमा होणारा प्रॉपर्टी टॅक्स, विमा), सगळं एकाच्या वैयक्तिक खात्यातून जाऊ द्या.

आणि भेटीचा मुद्दा इथेही येतो. दुसऱ्याच्या हिश्श्याचे १९,५०० तुम्ही भरताय, शिवाय मुद्दलही. १९,०००ची रेघ ओलांडली. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे दुसऱ्याने किराणा, वीज, विमा, दुरुस्ती हा खर्च उचलायचा आणि तसा साधा लेखी करार करून ठेवायचा. मग ती भेट न राहता देवाणघेवाण होते.

मधली_सुट्टी
फॉर्म १०९८ (भरलेल्या व्याजाचा सावकाराचा दाखला) एकाच्याच नावाने आला तर दुसऱ्याने काय करायचं? कर्ज दोघांच्या नावावर आहे असं धरून.

जमाखर्च
येतोच तो एकाच्या नावाने. सावकार सहसा पहिल्या कर्जदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर घालतो.

ज्याच्या नावाने आला त्याने शेड्यूल एच्या ८ए ओळीवर फक्त *आपला* वाटा लिहायचा, १०९८वरचा पूर्ण आकडा नाही. दुसऱ्याने आपला वाटा ८बीवर. कागदी रिटर्न असेल तर १०९८ ज्याला आला त्याचं नाव-पत्ता लिहिलेला कागद जोडायचा. ८बीपाशी नाव, पत्ता आणि नंबर लिहायच्या ज्या ठिपक्यांच्या ओळी आहेत त्या घर विकणाऱ्यालाच हप्ते फेडत असाल तर भरायच्या, त्यात जोडीदाराची माहिती कोंबू नका.

नेहमीची चूक: दुसरा माणूस सॉफ्टवेअरमध्ये १०९८ जसाच्या तसा टाकतो, तो ८एवर जातो. आयआरएसच्या संगणकात त्याच्या नंबरावर १०९८ नाही. मग पत्र येतं. दोघांनी पूर्ण आकडा टाकला तर पत्र दोघांना.

तळघर
मोठं कर्ज असणाऱ्यांसाठी: व्याजाची वजावट ७,५०,००० डॉलरपर्यंतच्या कर्जावर. विवाहित जोडीला मिळून एकच मर्यादा, वेगळी रिटर्न भरली तर प्रत्येकी ३,७५,०००. अविवाहितांना प्रत्येकी पूर्ण. हे फुकट मिळालेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन सहमालकांनी खटला लढवला, टॅक्स कोर्टात २०१२ला हरले, नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात २०१५ला जिंकले. 'व्हॉस विरुद्ध कमिशनर'. २०१६मध्ये आयआरएसने तो निकाल मान्य केला. तेव्हाची मर्यादा आजच्यापेक्षा मोठी होती, तत्त्व तेच: मर्यादा घरामागे नाही, करदात्यामागे.

सॉल्टचंही (राज्य आणि स्थानिक करांची वजावट) तसंच. २०२५ला ४०,०००ची मर्यादा जोडीलाही तीच आणि सिंगललाही तीच. दोन सिंगल म्हणजे दोनदा.

कांदेपोहे_२
हा धागा आईवडिलांना दाखवला तर 'मग लग्न कधी' हा प्रश्न कायमचा बंद.

उंबरठा
इतकंही नाही हो. दुसरी बाजूही लिहा.

घर विकताना २,५०,००० पर्यंतचा नफा करमुक्त आहे, पण पाचपैकी दोन वर्षं *मालकी* आणि राहणं दोन्ही हवं. विवाहितांत एकाच्याच नावावर घर असलं तरी दोघं दोन वर्षं राहिलेले असतील तर ५,००,००० मिळतात. अविवाहितांत डीडवर नाव नसलेल्याला शून्य.

वेगळं व्हायचं ठरलं आणि एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेतला, तर ती साधी विक्री. घटस्फोटातल्या हस्तांतरणावर कर लागत नाही, तो नियम इथे नाही.

आणि एक जण वारला तर: जॉइंट टेनन्सी (एक गेला की हिस्सा आपोआप दुसऱ्याचा) असेल तर इस्टेट टॅक्सचा (वारलेल्याच्या मालमत्तेवरचा कर) कायदा असं धरून चालतो की संपूर्ण घर वारलेल्याचं होतं, राहिलेल्याने स्वतःचे पैसे घातल्याचं सिद्ध करेपर्यंत. नवराबायकोत निम्मं-निम्मं धरतात. म्हणून डाउनपेमेंट कोणाच्या खात्यातून किती गेलं ते कागद जपा. टेनन्सी इन कॉमन (प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र) असेल तर हिस्सा जोडीदाराकडे आपोआप जात नाही, मृत्युपत्र हवं. नाही तर घराचा निम्मा मालक जोडीदाराचा भाऊ.

तळघर
अवांतर, पण आपल्या लोकांना लागू: नवराबायकोतली भेट अमर्याद करमुक्त फक्त घेणारा अमेरिकन नागरिक असेल तर. ग्रीनकार्ड किंवा व्हिसावर असेल तर २०२५साठी १,९०,०००ची मर्यादा. तेव्हा लग्न हा रामबाण नाही.

शून्यमाप
'अविवाहित' या शब्दाचीही खात्री करा. कोलोरॅडो, टेक्सास, आयोवा अशा काही राज्यांत समारंभ आणि लायसन्स नसतानाही कॉमन लॉ विवाह ठरतो, आणि तो ठरला तर फेडरल करासाठीही तुम्ही विवाहितच. टेक्सासात दोघांनी लग्नाला संमती दिलेली असणं, एकत्र राहणं आणि चारचौघांत नवराबायको म्हणून वावरणं हे निकष. नुसतं एकत्र राहून होत नाही.

उलट बाजूला, नोंदणीकृत डोमेस्टिक पार्टनर फेडरल करासाठी अविवाहित, पण कॅलिफोर्निया, नेवाडा, वॉशिंग्टनमध्ये त्यांचं सामाईक उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून दाखवावं लागतं, फॉर्म ८९५८. तिथे जमाखर्च यांचं 'सगळं एकाने भरलं' हे गणित कोसळतं. सामाईक उत्पन्नातून भरलेलं व्याजही दोघांचं.

मधली_सुट्टी
आणि हेड ऑफ हाउसहोल्ड (कुटुंबप्रमुखाचं सवलतीचं स्टेटस)? दोघांनी घेतलं तर?

हिशोबनीस
एका घरात एकच, तेही पात्र मूल किंवा आश्रित नातेवाईक असेल आणि घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार उचलत असेल तर. जोडीदार आश्रित म्हणून दाखवता आला तरी त्याच्या जोरावर हे स्टेटस मिळत नाही.

सई_टी
सोलर पॅनेल बसवले तर त्याचं क्रेडिट?

हिशोबनीस
३१ डिसेंबर २०२५नंतरच्या खर्चाला नाही. त्याआधीचं असेल तर फॉर्म ५६९५, ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात. इथे डीडवरची टक्केवारी नाही, पावती बघतात.

जोडवाक्य
सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय. मूळ उदाहरणाकडे येतो. अडीच वर्षं झालेल्या माणसाने आणखी सहा महिने थांबावं का? आणि आयआरएमधून (निवृत्तीच्या बचत खात्यातून) १०,००० डॉलर दंडाशिवाय काढता येतात म्हणे, त्यालाही तीन वर्षंच का?

शून्यमाप
दोन वेगळी घड्याळं आहेत.

आयआरएला *दोन* वर्षं, आणि ती घराचा बंधनकारक करार होतो त्या दिवसापासून मागे मोजायची. म्हणजे अडीच वर्षंवाला आजही पात्र. दोघं अविवाहित असल्याने एकाची पात्रता दुसऱ्यावर अवलंबून नाही, प्रत्येकी १०,०००, आयुष्यभरासाठी. १० टक्के दंड वाचतो, पारंपरिक आयआरए असेल तर उत्पन्नकर लागतोच. पैसे काढल्यापासून १२० दिवसांत घराला लावायचे. क्लोजिंग लांबलं तर हीच अडचण होते, म्हणून आधी तारीख पक्की, मग पैसे काढा.

एमसीसीला *तीन* वर्षं, आणि ती कर्जाच्या सहीच्या दिवसापासून मागे. करार आज केला आणि क्लोजिंग सहा महिन्यांनी झालं तर बसतं, फक्त विकणारा तेवढा थांबायला हवा. जुनं घर विकल्याची नेमकी तारीख क्लोजिंगच्या कागदांवर सापडेल, ती आठवणीवर ठेवू नका. आणि थांबण्याआधी एजन्सीला फोन करून त्यांच्या उत्पन्नाच्या आणि घराच्या किमतीच्या मर्यादा विचारा. दोघं मालक होणार असाल तर दोघांचं उत्पन्न धरतील. मर्यादेबाहेर जात असाल तर सहा महिने कशासाठी थांबायचं?

चिंतूचा_मामा
आणि ३१ डिसेंबरला लग्न केलं तर आयआरएस ते १ जानेवारीपासूनचं धरतं, हे लक्षात असू द्या. मुहूर्त जानेवारीतला काढा.

जोडवाक्य
मामा, यावेळी मागे घ्यायची गरज नाही. एजन्सीला सोमवारी फोन लावतो, उत्पन्नाची मर्यादा कळली की इथेच लिहितो.